तिसरा हात

पुंता अरेनासमध्ये वारा सुट्टी घेत नाही.
चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून,
आणि या माणसाला अंगणात स्प्रे मारायचाय.

पहिल्या दिवशी लाल रंग बोटीवर कमी,
माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर जास्त.
मी काही बोलले नाही.
चादर तशीच अंथरली,
आणि रादोमीरो रात्रभर त्या ठिपक्यांवर झोपला.

बोट जेमतेम वीतभर, लाकडाची.
जिच्या इंजिनखोलीत त्याची एकतीस वर्षं गेली
त्या फेरीबोटीची नक्कल.
खरी गेल्या हिवाळ्यात भंगारात निघाली.
तिने सामुद्रधुनीपार मेंढ्या नेल्या, नवरदेव नेले,
एकदा बर्फात अडकलेली शवपेटी,
जिच्यावर खलाशांनी पत्ते मांडले होते.

दुसऱ्या वेळी माझं काचघर.
टोमॅटोंना वर्तमानपत्रं पांघरली,
धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं,
इथवर सगळं बरोबर.
मग डबा अगदी जवळ धरला
आणि बटण दाबून ठेवलं, ग्रीस भरावं तसं.
रंग जाड झाला, जड झाला, खाली निघाला.
नाळेवरून एक ओघळ,
सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखा.
बाकीचं वाळलं ते संत्र्याची साल होऊन.
इंजिनखोलीतली एक शिवी ऐकली त्या दिवशी,
घरात कधी आणली नव्हती त्याने.

तेव्हा मी बोलले.
चाळीस वर्षं लोकांची नखं रंगवतेय, म्हटलं,
दोन्या एर्मिंदाची तर थरथरती.
हात पातळ दे.
पहिला हात झाकण्यासाठी नसतोच.
त्याच्याखालून लाकूड दिसलंच पाहिजे.
दिसलं नाही, तर घाई केलीस.

तीन दिवस घासत बसला.
ओला पॉलिश पेपर, आधी चारशे नंबर, मग हजार.
बेसिनमधलं पाणी लाल, मासा साफ केल्यासारखं.
डबा कोमट पाण्यात ठेवला,
दुधाची बाटली ठेवावी तसा,
मग हलवला. आतली गोळी खुळखुळली.
या घरात खुळखुळा वाजला नव्हता कधी.
आम्ही दोघंही तेव्हा दुसरीकडे बघत होतो.

अंतर एक वीत आणि चार बोटं.
सुरुवात बोटीवर करायची नाही.
तिच्या आधी, रिकाम्या हवेत दाबायचं,
तिच्यावरून न थांबता जायचं,
ती संपली की पलीकडे सोडायचं.

पहिला हात: नुसतं धुकं.
वीस मिनिटं. माते प्यालो, एकच नळी, एकच भोपळा.
दुसरा हात: लाजल्याइतका लाल.
पुन्हा वीस मिनिटं. काच थडथडत होती.
तिसऱ्या हाताला वारा पडला.
आम्ही दोघांनी वर पाहिलं,
फ्रिज अचानक बंद पडल्यावर बघतात तसं.
तेवढ्यात त्याने तो हात पुरा केला.

सकाळी बोटीच्या कुशीत आख्खं काचघर दिसत होतं,
टोमॅटो, रुंद झालेला माझा चेहरा, मागे तो.
ओघळ नाही, कण नाही, केस नाही.
आणि हा म्हणाला, "ही ती नव्हे."

ती गंजावर रंग, रंगावर गंज अशी होती.
हात फिरवला की रक्त यायचं.
त्याने चारशे नंबरचा कागद उचलला.
मी श्वास धरून उभी.
किती वेळ तो नुसता अंगठ्याने
कागदाची खरखर चाचपत राहिला.
मग कागद खणात टाकला.
"दोन फेऱ्यांच्या मध्ये चार तास द्यायचे आम्हाला,"
म्हणाला, "रंगवायला.
तेही पाऊस नसला तर."

वरून वाळलं म्हणजे आतून वाळलं असं नसतं.
सात दिवस हात लावायचा नाही,
मीच बजावलं, आणि बुटांचं खोकं पालथं घातलं.
रोज रात्री तो जाऊन खोकं उचलतो,
बघतो, ठेवतो, येऊन त्या चादरीवर आडवा होतो.

तो घोरायला लागला
की मी जाते.